‘बाळ रडलं नाही’ : नवजात बाळाच्या मेंदूचा आलेख समजून घेताना



पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी विशेष गरजा असणाऱ्या मुलांची माहिती आपण लिहून घेतो. तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येतं. "बाई, जन्मला तेव्हा रडला नव्हता." आपण ते रकान्यात लिहितो आणि पुढच्या पालकांना हाक मारतो. मीसुद्धा कितीतरी वर्षं तसंच केलं. डी.एड.ला बालमानसशास्त्र होतं, पण ‘रडलं नाही’ म्हणजे नेमकं काय झालं हे काही तिथे शिकवलं नव्हतं. आजचा लेख त्याविषयी आहे. थोडा मोठा झालाय, सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये एक आई मुलाला घेऊन शाळेत आली. वडील मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर खलाशी, आई हंगामात आंब्याच्या पेट्या भरायला जाते. मुलगा भिंतीला धरून, टाचा न टेकता चालणारा. बोलणं अस्पष्ट, पण डोळे अगदी लखलखीत. मी काय केलं ते खरं सांगते. मी म्हटलं, "एक वर्ष थांबूया का? पुढच्या वर्षी बघू." हे बोलायला नको होतं, नियमानेही चूक होतं. आई काही बोलली नाही. तिने पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली, त्यातला एक फिकट झालेला कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. ह्यात काय लिहिलंय ते तुम्ही तरी वाचून सांगा."

कागदावर रेघा होत्या. रुंद, केसाळ पट्टा असावा तशा. मधेच पट्टा खाली गेलेला, मग पुन्हा वर. खाली तास आणि मिनिटं. मला एक अक्षर कळलं नाही.

तिला मात्र त्या कागदाबद्दल एक गोष्ट पक्की माहीत होती, आणि सहा वर्षं ती तेच उराशी धरून होती. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलेलं असताना नर्सने इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळाने स्क्रीनवरचा पट्टा खाली बसला. तिने तो डोळ्यांनी पाहिला. इंजेक्शनसाठी सही तिनेच केली होती. "मी सही केली आणि त्याचा मेंदू बंद पडला," असं ती म्हणाली.

हे ऐकल्यावर तो कागद समजून घेणं मला भाग होतं.

रडणं म्हणजे पहिला श्वास

पोटात असताना बाळाला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून, वार आणि नाळ यांच्या वाटेने. जन्मल्याबरोबर ही वाट बंद होते आणि फुप्फुसांना काम सुरू करावं लागतं. बाळ रडतं म्हणजे दमदार श्वास घेतं. पण कळा खूप लांबल्या, वार आधीच सुटली, नाळ बाळाच्या आधी बाहेर आली किंवा गर्भाशय फाटलं, तर प्राणवायूचा पुरवठा तुटतो. असं बाळ निपचित, निळसर किंवा पांढरं जन्माला येतं. प्राणवायू आणि रक्तपुरवठा या दोन्हींच्या तुटवड्याने मेंदूला होणाऱ्या इजेला डॉक्टर ‘एचआयई’ म्हणतात. पूर्ण नाव हायपॉक्सिक इस्केमिक एन्सेफॅलोपॅथी. फाइलींवर हीच तीन अक्षरं असतात, म्हणून ती लक्षात ठेवा.

जाता जाता एक सांगते. नाळ गळ्याभोवती होती म्हणून असं झालं, आईने ग्रहणात काही चिरलं म्हणून झालं, असं आपल्याकडे सर्रास बोलतात. ग्रहणाचं सोडूनच द्या. गळ्याभोवती नाळेचा वेढा तर दर चार-पाच बाळंतपणांत एखाद्या बाळाला असतोच, आणि बहुतेक बाळं ठणठणीत असतात. शिवाय सेरेब्रल पाल्सी असलेलं प्रत्येक मूल जन्मताना गुदमरलेलंच असतं असंही नाही. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत अशी मुलं साधारण १० टक्केच निघाली. कुणाची आई समोर बसली असेल तर कारणं शोधताना जपून बोलायला हवं.

बाळाला जन्मतःच गुण देण्याची पद्धत व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९५२ मध्ये काढली. रंग, हृदयाचे ठोके, चेहऱ्याची प्रतिक्रिया, स्नायूंचा ताण आणि श्वास, प्रत्येकी २ गुण, एकूण १०. पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला मोजतात. आपल्या मुलाचे पहिल्या मिनिटाला २ आणि पाचव्याला ४ होते. आपण शिक्षक आहोत, गुणांवर आपला फार विश्वास. पण अपगारचे गुण फक्त त्या क्षणी बाळाला किती मदत हवी हे सांगतात. पुढे मूल चालेल का, बोलेल का, हे त्यावरून ठरवू नये. मग मेंदूचं कशावरून कळतं? तिथे तो रेघांचा कागद येतो.

पेन्सिल सेलच्या दीड लाखाव्या हिश्श्याएवढा

मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेने बोलतात. माणसाच्या मेंदूतली ही वीज डोक्याच्या कातडीवरून नोंदता येते, हे जर्मनीतल्या येना शहरातल्या हान्स बर्गर यांनी दाखवलं. पहिली नोंद १९२४ ची, ती त्यांनी प्रसिद्ध केली १९२९ मध्ये. यालाच आपण ईईजी म्हणतो. ही वीज अगदीच क्षीण. घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो आणि नवजात बाळाच्या आलेखात आपण १० मायक्रोव्होल्टच्या आसपासच्या गोष्टी बघत असतो. म्हणजे पेन्सिल सेलच्या दीड लाखाव्या हिश्श्याएवढा दाब! चौथीच्या मुलांना हा भागाकार करायला देऊन बघा, शून्यं मोजताना मजा येते.

पूर्ण ईईजीला डोक्यावर अनेक तारा लावाव्या लागतात आणि तो वाचायला तज्ज्ञ लागतो. रात्री दोन वाजता अतिदक्षता कक्षात तज्ज्ञ कुठून आणणार? म्हणून एक सोपं यंत्र निघालं. लंडनमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी डग्लस मेनार्ड आणि पॅमेला प्रायर यांनी ते बनवलं, ते मुळात मोठ्या माणसांसाठी. पुढे ते नवजात बाळांसाठी वापरात आलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मोजक्या तारा लावायच्या आणि विजेच्या लहरी इतक्या दाबून छापायच्या की एका तासाची नोंद ६ सेंटीमीटरमध्ये मावते. लहरी एकमेकींना चिकटून त्यांचा पट्टा दिसतो. यालाच एईईजी म्हणतात. आईच्या फाइलमधला केसाळ पट्टा तो हाच.

पट्ट्याला दोन कडा असतात, वरची आणि खालची. वाचायचं ते मुख्यतः यावरून. १९९९ मध्ये मांडलेली एक सोपी पद्धत आजही वापरतात. वरची कड १० मायक्रोव्होल्टच्या वर आणि खालची ५ च्या वर असेल तर पट्टा चांगला. वरची १० च्या वर पण खालची ५ किंवा त्याखाली घसरली असेल तर मध्यम बिघाड. दोन्ही खाली, म्हणजे वरची १० च्या आत आणि खालची ५ च्या आत असेल, तर दबलेला पट्टा, जास्त काळजीचा.

दुसरी पद्धत पट्ट्याच्या रूपावरून नाव देते. अखंड पट्टा म्हणजे पेशींचं बोलणं सतत चालू आहे. खंडित पट्टा म्हणजे मधे मधे थांबत चालू आहे. त्याहून वाईट रूपात काही सेकंद लहरींचा उद्रेक येतो आणि मग लांबलचक शांतता. डॉक्टर त्याला ‘बर्स्ट सप्रेशन’ म्हणतात. वर्गात शिक्षक नसताना कशी मुलं एकदम गलका करतात आणि पावलं वाजली की चिडीचूप होतात, साधारण तसं. फरक एवढाच की इथली शांतता भीतीदायक असते, आणि ती जितकी लांब तितकं लक्षण वाईट. त्यापुढे अखंड पण अगदी खालून जाणारा पट्टा, आणि शेवटी जवळजवळ सपाट रेघ.

इथे एक गंमत आहे. पूर्ण दिवसांचं निरोगी बाळ शांत झोपलेलं असतानाही त्याच्या ईईजीत थोड्या सेकंदांचा जोर आणि मग थोडी मंदी असं आलटून पालटून दिसतं. पण त्या मंदीत आवाज पूर्ण जात नाही, आणि बाळ जागं झालं की हे रूप बदलतं. बर्स्ट सप्रेशन मात्र झोप असो, जाग असो, तसंच राहतं. कमी दिवसांच्या बाळाचा आलेख तर मुळातच तुटक तुटक असतो. म्हणून बाळ किती आठवड्यांचं आहे हे माहीत नसेल तर आलेख वाचूच नये असं म्हणतात. पहिलीच्या मुलाला चौथीची प्रश्नपत्रिका देऊन ‘नापास’ ठरवण्यासारखंच ते.

झोपेची लाट

मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हा. निरोगी बाळाचा पट्टा सरळ जात नाही, तो कमी-जास्त रुंद होत जातो. शांत झोपेत पट्टा रुंद, जागेपणी आणि चुळबुळत्या झोपेत अरुंद. तासाभराच्या आसपास एक आवर्तन पूर्ण होतं. कागद लांब धरला की भरती-ओहोटीसारख्या लाटा दिसतात. याला झोप-जाग चक्र म्हणतात. इजा झालेल्या मेंदूत ही लाट नाहीशी होते. ती परत कधी येते याकडे डॉक्टर डोळे लावून बसलेले असतात, कारण लवकर परतलेली लाट हे सुधारणेचं चांगलं लक्षण आहे. थंडावा न दिलेल्या बाळांच्या एका अभ्यासात ३६ तासांच्या आत चक्र दिसू लागलेल्या बाळांची पुढची वाढ बरी निघाली. (थंडावा काय ते पुढे येतंच आहे.)

म्हणजे एका क्षणाचा आलेख पुरेसा नाही, तासांमागून तास तो कसा बदलतो ते महत्त्वाचं. याचं कारण समजलं तेव्हा त्या आईला काय सांगायचं ते मला थोडं थोडं दिसू लागलं.

निसर्ग चक्रीवादळाचे दिवस आठवा, जून २०२०. दापोली-मंडणगडकडे किती दिवस वीज नव्हती! वीज गेली की आपण आधी काय करतो? पंखा, टीव्ही सगळं बंद, इन्व्हर्टरवर एक दिवा. मेंदूची पेशीसुद्धा तेच करते. प्राणवायू तुटला की ती आधी बोलणं बंद करते आणि उरलेली शक्ती जिवंत राहण्यासाठी वापरते. म्हणून आलेख पेशी मरण्याच्या आधीच सपाट होऊ शकतो. सुरुवातीच्या तासांतली सपाट रेघ म्हणजे ‘मेंदू मेला’ असं नव्हे. कधी कधी तो ‘गप्प बसलाय’ एवढंच असतं.

आता वीज परत येते. पण कशी? एकदम जोरात येते आणि फ्रिज जळतो. बाळाला श्वास मिळाला, रक्त फिरू लागलं की पेशी सावरल्यासारख्या दिसतात, पण साधारण ६ तासांनंतर दुसरी पडझड सुरू होऊ शकते आणि ती पुढचे एक-दोन दिवस चालते. झटके बहुतेक याच काळात येतात. पहिल्या आणि दुसऱ्या पडझडीच्या मधले हे सुमारे ६ तास म्हणजे उपचाराची संधी.

न दिसणारे झटके

झटका म्हटलं की आपल्याला हातपाय आपटणं डोळ्यांसमोर येतं. नवजात बाळाचं तसं नसतं. नुसते ओठ चोखल्यासारखे हलतात, डोळे एका बाजूला जातात, सायकल मारल्यासारखे पाय हलतात. कित्येकदा बाहेर काहीच दिसत नाही. ईईजीवर दिसलेल्या झटक्यांपैकी फक्त सुमारे एक तृतीयांश झटक्यांत बाहेरून लक्षण दिसलं, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. उलट बाजूने, जे झटक्यासारखं दिसतं ते बऱ्याचदा झटका नसतंच. म्हणजे नुसत्या डोळ्यांवर विसंबलं तर दोन्हीकडून फसगत.

एईईजीच्या पट्ट्यात झटका आला की खालची कड एकदम वर उचलली जाते. एकामागून एक झटके येत राहिले तर पट्टा करवतीच्या दातांसारखा दिसतो. आईच्या कागदावर अकराव्या-बाराव्या तासाजवळ मला हे दात दिसले, आता दिसले, कारण आता काय बघायचं ते माहीत होतं. अर्थात यंत्रही फसतं. छोटा, एका कोपऱ्यातला झटका त्यात सुटू शकतो. हृदयाच्या ठोक्यांची किंवा श्वासयंत्राची थरथर मिसळली की दबलेला पट्टा वर तरंगल्यासारखा, चांगला असल्यासारखा दिसतो. म्हणून जाणकार डॉक्टर पट्ट्याबरोबर मूळ लहरीही उघडून बघतात.

झटक्यांवर पहिलं औषध बहुतेक ठिकाणी फेनोबार्बिटोन. जुनं आहे, पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत त्याने ८० टक्के बाळांचे झटके थांबवले, आणि नव्या लेव्हेटिरॅसिटॅमने २८ टक्के. या औषधाचा एक परिणाम मात्र माहीत असायला हवा. ते मेंदूची सगळीच वीज थोडा वेळ मंदावतं, त्यामुळे औषधानंतर पट्टा काही तास खाली बसू शकतो. दुसरं म्हणजे, कधी कधी हातपाय हलणं थांबतं, पण आतला विजेचा झटका चालूच राहतो. म्हणून औषधानंतरही आलेख चालू ठेवतात.

पट्टा खाली बसतो. हे वाक्य वाचलं आणि मी खुर्चीतून उठलेच.

तरी मी डॉक्टर नाही. आईची परवानगी घेऊन ती फाइल मी रत्नागिरीतल्या एका ओळखीच्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेली, आईला सोबत घेऊन. त्यांनी चष्मा वर करून अर्धा तास तो कागद पाहिला. मग बोटाने एकेक जागा दाखवत सांगितलं. बाळ पोचलं तेव्हाच पट्टा खंडित होता, म्हणजे इजा आधीच झालेली. हे झटके. ही औषधाची वेळ. त्यानंतर पट्टा खाली गेला, हा औषधाचा नेहमीचा परिणाम. इथे, पाच तासांनी, तो परत वर आला, आणि करवतीचे दात गेले. "तुम्ही सही केली नसती तर हे दात तसेच राहिले असते," त्या म्हणाल्या. आई बराच वेळ कागदाकडे बघत होती. मग तिने विचारलं, "म्हणजे तो बंद पडला नव्हता?" डॉक्टर म्हणाल्या, "नाही. झटके शमवताना थोडा वेळ मंदावला होता."

मी तिथे रडले, हे लिहायला हरकत नाही. आई रडली नाही.

डॉक्टरांनी खोटा दिलासाही दिला नाही. पट्टा पूर्ण सुधारायला दोन दिवसांहून जास्त लागले होते आणि झोपेची लाट चौथ्या दिवशी दिसली. थंडावा दिलेल्या बाळांत ४८ तासांच्या आत पट्टा सुधारला तर पुढचं चित्र सहसा चांगलं असतं. हा त्यापेक्षा उशीर. मध्यम इजा. एमआरआयमध्येही तसंच होतं. मुलाचे ताठर पाय आणि अडखळतं बोलणं त्याच्याशी जुळतं. सारनाट पती-पत्नींनी १९७६ मध्ये २१ बाळांच्या निरीक्षणावरून सौम्य, मध्यम, तीव्र अशा तीन पायऱ्या मांडल्या, त्यातली ही दुसरी. पहिल्या पायरीतली बहुतेक बाळं सावरतात, तिसरीत बरीच दगावतात किंवा मोठं अपंगत्व येतं, आणि दुसरीत काहीही होऊ शकतं. आपल्या वर्गात येतात ती बहुधा या दुसऱ्या पायरीतली मुलं.

थंडावा, आंबा घाट आणि गडचिरोली

आता थंडाव्याबद्दल. बाळाच्या शरीराचं तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर आणून ७२ तास ठेवायचं, मग हळूहळू ऊब द्यायची. हे जन्मापासून ६ तासांच्या आत सुरू करावं लागतं. २००५ पासून आलेल्या परदेशी अभ्यासांत याने मृत्यू आणि अपंगत्व कमी झालं, आणि श्रीमंत देशांत तो नेहमीचा उपचार झाला.

६ तास! रत्नागिरीहून कोल्हापूर गाठायचं म्हणजे आंबा घाट. दिवसा तीन-साडेतीन तास, आणि पावसाळ्यात रात्री धुकं असलं तर विचारूच नका. हे बाळ तालुक्याच्या गावी जन्मलं, तिथून रत्नागिरी, तिथून घाट. पाचव्या तासाला पोचलं. वडील त्या रात्री समुद्रात होते, फोन लागत नव्हता. आता रत्नागिरीत वैद्यकीय महाविद्यालय झालंय, सोयी वाढतील अशी आशा आहे.

पण थंडाव्याची गोष्ट इतकी सरळ नाही, आणि यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ७ रुग्णालयांत ‘हेलिक्स’ नावाचा मोठा अभ्यास झाला. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे डॉ. सुधीन थय्यिल त्याचे प्रमुख, आणि सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय त्या सातांपैकी एक. २०१५ ते २०१९ या काळात मध्यम किंवा तीव्र इजा झालेली ४०८ बाळं घेतली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, एकाला थंडावा, दुसऱ्याला नाही. निकाल २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. मृत्यू किंवा मोठं अपंगत्व थंडावा गटात ५० टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. म्हणजे फायदा नाहीच. नुसते मृत्यू पाहिले तर थंडावा गटात ४२ टक्के आणि दुसऱ्यात ३१ टक्के, म्हणजे उलट जास्त.

असं का? संशोधकांचा एक अंदाज असा की आपल्याकडच्या अनेक बाळांना इजा एका क्षणात होत नाही. लांबलेल्या कळांत ती तासन्‌तास हळूहळू होत राहते. बाळ जन्मतं तेव्हा ती ६ तासांची संधी पोटातच संपलेली असते. वादळ आधीच येऊन गेलेलं, आपण नंतर इन्व्हर्टर आणतो. हा वाद अजून मिटलेला नाही आणि भारतातले काही मोठे कक्ष नीट निवड करून थंडावा देतात. त्यामुळे कुणाच्या बाळाला तो दिला म्हणून किंवा दिला नाही म्हणून आपण घरी बसून मत देऊ नये.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत मोठी वाटते ती गडचिरोलीची गोष्ट. तिथे आलेख नाही, थंडाव्याचं यंत्र नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळ रडलं नाही तर काय करायचं ते टप्प्याटप्प्याने: पुसून कोरडं करा, ऊब द्या, तोंड-नाक साफ करा, तरी श्वास नाही तर मास्क लावून हवा द्या. आधी नळी-मास्क, नंतर पिशवी-मास्क. २००५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार गुदमरण्याने होणारे बाळमृत्यू ६५ टक्क्यांनी कमी झाले. या बायकांपैकी कितीजणी फारशा शिकलेल्या नव्हत्या! पहिल्या मिनिटात कुणीतरी हवा दिली तर पुढच्या कागदावरच्या रेघाच बदलतात. २००९ पासून देशभर चालू असलेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूतीच्या ठिकाणी काम करणाऱ्यांना हेच शिकवतात. म्हणून पालकहो, घरात बाळंतपण असेल तर रुग्णालय निवडताना एसी खोली आहे का हे विचारण्याआधी विचारा, "बाळ रडलं नाही तर हवा देणारं शिकलेलं माणूस रात्रीही हजर असतं का?"

वर्गात

आलेखाला काय सांगता येत नाही तेही लिहायला हवं. मूल पुस्तकाचं पान उलटताना जीभ बाहेर काढून किती एकाग्र होतं, ते त्या पट्ट्यात नसतं. आलेख पहिल्या तीन-चार दिवसांचा. त्यानंतरची सहा वर्षं त्या आईची आहेत, रोज सकाळी तेल लावून पाय ताणण्याची, आठवड्यातून एकदा एसटीने फिजिओथेरपीला नेण्याची. वाढत्या मेंदूला लवकर व्यायाम आणि अनुभव मिळाले तर तो नव्या वाटा शोधतो. म्हणून असं बाळ घरी आल्यापासूनच तपासणीखाली हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात, जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. आपण पथकासमोर नुसती हजेरी दाखवतो, नावं पुढे करत नाही, हे आपल्यातलं एक वाईट आहे.

आणि प्रवेश. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती त्यांची, माझी नाही. ‘एक वर्ष थांबूया’ म्हणणारी मी कोण?

त्याच आठवड्यात मी त्याचं नाव हजेरीत घातलं. पेन्सिलीला जाड कापडाची गुंडाळी केली, कागद बाकाला चिकटपट्टीने लावला. बोलायला वेळ लागतो म्हणून प्रश्न विचारल्यावर मी मनातल्या मनात दहा आकडे मोजते. आधी तीनपर्यंतच मोजायची. बहुतेक वेळा सात-आठला उत्तर येतं.

मागच्या डिसेंबरात एक नवीन गोष्ट लक्षात आली. पाढे म्हणताना तो मधेच थांबतो, नजर एका जागी, ओठ चावल्यासारखे हलतात, अर्धा मिनिट. नंतर पेंगुळतो. आधी मी "लक्ष कुठंय?" म्हणून ओरडले होते. मग त्या अदृश्य झटक्यांबद्दल वाचलेलं आठवलं. तेव्हापासून एका वहीत तारीख, वेळ, किती सेकंद, आधी काय चाललं होतं, हे लिहिते. तुमच्या वर्गात असं मूल असेल तर तुम्हीही लिहा. डॉक्टरांना ही वही फार उपयोगी पडते. मोठा झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल नाकाला लावू नका. ५ मिनिटांत थांबला नाही तर थेट दवाखाना.

वहीत आतापर्यंत अकरा नोंदी झाल्या. त्या बघून डॉक्टरांनी नवा ईईजी करायला सांगितलाय. या वेळी पूर्ण, डोकंभर तारांचा, आणि बाळ नाही तर दुसरीतला मुलगा. पुढच्या गुरुवारी आहे. आदल्या रात्री उशिरा झोपवायचं आणि पहाटे लवकर उठवायचं, म्हणजे तपासणीत झोप लागते, असं आईला सांगितलंय. ती म्हणाली, "बाई, या वेळी रेघा खाली गेल्या तर मी घाबरणार नाही, विचारीन." जुना कागद ती सोबत नेणार आहे. तो फिकट होत चालला होता म्हणून मी त्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत, एक तिच्या फाइलमध्ये आणि एक शाळेच्या कपाटात.